यादीत फावडं राहिलं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गुलमर्गवर पानभर लेख होता. फोटो सुंदर होते. खोटं कशाला बोलू, मीही दोन मिनिटं बघत बसलो. गोंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार), कहवा, ‘कुणीही न तुडवलेला भुसभुशीत बर्फ’, मुंबईहून निघणाऱ्या सात दिवसांच्या स्की सहली आणि शेवटी चौकटीत ‘सोबत काय न्याल’. ती चौकट मी पेन्सिल घेऊन वाचली. आमच्या धंद्यात सामानाची यादी तपासल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत, ती सवय. थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, पॉवर बँक, खाकरे. एकूण चौदा वस्तू. फावडं नव्हतं.

सहलीला फावडं कशाला, असं लिहिणाऱ्यांना वाटेल. आखलेल्या उतारावर, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर पडत-उठत शिकणाऱ्याला ते खरंच लागत नाही. पण लेखात ज्या न तुडवलेल्या बर्फाचं कौतुक आहे, तो आखलेल्या उताराच्या बाहेर असतो. तिथे हिमस्खलन होतं. पानभर लेखात हा शब्द एकदाही आलेला नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कापायचं झालं तर माझ्याबद्दलचं कापा, बर्फाबद्दलचं ठेवा.

मी लालबागला राहतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो: गिलावा, वॉटरप्रूफिंग, सज्जे, गच्च्या. वय ५६. सह्याद्रीत पुष्कळ भटकलो आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, स्की शिकायला गुलमर्गला गेलो. बायको अजूनही त्याला ‘घसरगुंडीला जाणं’ म्हणते. आतापर्यंत नऊ हिवाळे झाले. बर्फातला तज्ज्ञ मी नव्हे. पण थर सुटणं म्हणजे काय, हे मला पोटापाण्यापुरतं कळतं आणि डोंगरावरचा बर्फ तसाच सुटतो.

मुंबईत दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गिलावा पडतो. तो भुगा होऊन पडत नाही, अख्खी लादी सुटावी तसा सुटतो. वरचा थर चांगला कडक असतो. त्याला भिंतीशी धरून ठेवणारं जे काही असतं ते मात्र ओलीने मेलेलं असतं. वर नवा रंग, आत पोकळ. आम्ही हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहतो. भिंत बद्द वाजली की तिच्याखाली उभं राहायचं नाही. हिमस्खलन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिखरावरून गडगडत येणारा पांढरा लोट येतो. तसंही होतं. पण स्की करणाऱ्याला गाठते ती बहुतेक वेळा अशी सुटलेली लादी, आणि ती सुटते त्याच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. डोंगर अंगावर येत नाही, आपण त्याला हाक मारतो.

आतला थर मरतो कशाने? काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे दिवस. त्या काळात बर्फ थोडाच पडला तर तो पातळ थर नुसता जमिनीवर बसून राहतो. खाली भुईची ऊब, वर उणे दहाची हवा. त्या फरकामुळे बर्फाच्या आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि कण एकमेकांचा हात सोडून मोठे, कोरडे होतात, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे. मुठीत दाबले तर लाडू वळत नाही. मग फेब्रुवारीत एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येतो आणि दोन रात्रींत कमरेएवढा बर्फ वर आणून टाकतो. ओल मुरलेल्या भिंतीवर नवा गिलावा मारल्यासारखं. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ उघडंबोडकं होतं. फेब्रुवारीत बर्फ आला, सगळे खूश झाले, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा भरल्या आणि त्याच आठवड्यात, २२ तारखेला, हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले होते, एकोणीस जणांना सोडवून आणलं.

अशी लादी सुटायला उतार फार उभा लागतो असंही नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांत सर्वाधिक सुटतात. आमच्या इमारतीच्या जिन्याला सात इंचांचा चढ आणि दहा इंचांचं पाऊल आहे, म्हणजे पस्तीस अंश झाले. रोज दूध आणायला उतरतो तोच कोन. बर्फावर उभं राहून बघणाऱ्याला तो अगदी सभ्य दिसतो.

आता जे घडलं ते.

२०१८ चा फेब्रुवारी. आम्ही सात जण, मुंबईच्या एका सहल-आयोजकाबरोबर. नाव देत नाही. माणशी सत्तर हजार घेतले होते आणि माहितीपत्रकात ‘संपूर्ण सुरक्षा साहित्य’ असं ठळक छापलं होतं. दोन दिवस बर्फ पडत होता, गोंडोलाचा वरचा टप्पा बंद. हॉटेलात पत्ते खेळून कंटाळलो. दुसऱ्या रात्री आयोजकाच्या माणसाने एका पिशवीतून प्रसाद वाटावा तसे ट्रान्सीव्हर वाटले. ट्रान्सीव्हर म्हणजे छातीला बांधायचं, साबणाच्या वडीहून थोडं मोठं यंत्र. ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर बीप सोडत राहतं. कुणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापलं यंत्र ‘शोधा’वर फिरवायचं आणि त्याची बीप ऐकत जायचं. हे मी आज सांगतोय. त्या रात्री आम्हाला फक्त ‘हे चालू ठेवा आणि जॅकेटच्या आत घाला’ एवढंच सांगितलं. माझ्या यंत्रात बॅटरी ४२ टक्के दिसत होती. विचारलं तर म्हणाला, ‘‘काका, चालतंय.’’ बर्फात खुपसून माणूस चाचपायची सळई, जिला प्रोब म्हणतात, सातांत तीन. फावडी दोन.

तिसऱ्या दिवशी निळंशार आकाश. गोंडोलाच्या रांगेत दादर स्टेशनासारखी गर्दी. वर, जवळजवळ ४,००० मीटरवर, उतरलो. आमच्याबरोबर टंगमर्गकडचे एक वयस्क वाटाडे होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मुख्य उतार लोकांनी तासाभरात नांगरून टाकला होता. आयोजकाच्या माणसाने धारेपलीकडचा अस्पर्श उतार दाखवला. चाचांनी तिकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘उधर हवा ने भरा है, साब. कल.’’

या वाक्याचा अर्थ मला दोन वर्षांनी नीट कळला. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला नेऊन ठासतो. आभाळातून फूटभर पडलेला असला तरी तिथे तीन फूट साठलेला असू शकतो. तो गुळगुळीत, फुगीर, उशीसारखा दिसतो. म्हणजे नेमका फोटोत छान दिसणारा. आणि बर्फ थांबल्यानंतरचा पहिला निरभ्र दिवस हाच घातकी दिवसांपैकी एक, कारण नवं ओझं अजून बसलेलं नसतं आणि माणसं मात्र पत्ते खेळून कंटाळलेली असतात.

चाचा नको म्हणत होते, आयोजकाचा माणूस म्हणत होता, ‘‘लोकांनी पैसे भरलेत.’’ आम्ही सात जण मध्ये उभे. त्यातला एकही तोंड उघडून बोलला नाही, मीही नाही. भिंत वाजवून पाहणारा मी, चाळीस वर्षं पडला नाही म्हणून सज्जा मजबूत आहे असं सांगणाऱ्या घरमालकांवर हसणारा मी. (सज्जा पडायच्या आदल्या दिवसापर्यंत त्यावर तुळशीची कुंडी असते.) शेजारच्या उतारावर आधीच पाच-सहा स्कीच्या रेघा होत्या, त्या बघून धीर आला. त्या रेघांना काडीचाही अर्थ नसतो, हेही नंतर कळलं. सहावा सुखरूप जातो आणि सातव्याची स्की बरोब्बर त्या जागेवर पडते जिथे लादी पातळ आहे.

शेवटी एकेक करून आम्ही त्या उतारावर निघालो, आणि चौथा होता तो. ठाण्याचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, आमच्यात सर्वांत चांगला स्की करणारा. तो अर्ध्यावर गेला आणि पायाखालून ‘धप्प’ असा आवाज आला. मोठा नव्हे. जड माणूस सोफ्यावर बसावा तसा. भिंतीचा बद्द आवाज मी हजार वेळा ऐकला असेल. हा तोच होता, फक्त मी त्या भिंतीवर उभा होतो. त्याच्या वरच्या अंगाला एक रेघ पळत गेली, काचेला तडा जावा तशी, आणि बॅडमिंटन कोर्टाएवढा तुकडा हलला. आधी अख्खा, मग तुटून ठोकळे झाले. जाडी नंतर पाहिली, माझ्या मांडीपर्यंत. तो दोन-तीनदा वर दिसला. मग दिसला नाही.

आम्ही खाली पोचलो आणि शोधणाऱ्यांची यंत्रं किंचाळायला लागली. कारण चौघांची यंत्रं ‘सोडा’वरच होती, ‘शोधा’वर फिरवायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे आम्ही एकमेकांनाच शोधत होतो. तो सापडला तो यंत्रामुळे नव्हे. त्याचा लाल हातमोजा बर्फाबाहेर होता, चाचांना तो दिसला. नाहीतर आज मी हे पत्र वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

थांबलेला बर्फ भुसभुशीत नसतो. तो थांबताक्षणी दाबून भरलेल्या काँक्रीटसारखा होतो; हातांनी उकरता येत नाही, नखं तुटतात. एवढी माणसं, फावडी दोनच. चाचा आणि मी आळीपाळीने खणत होतो. तोंड मोकळं केलं तेव्हा ओठ जांभळट आणि नाकासमोर श्वासाने गोठलेला बर्फाचा पापुद्रा. घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं. तो खोकला, आणि मग आईला सांगू नका म्हणाला.

आयोजकाने संध्याकाळी सर्वांना गुश्ताबा खिलवला.

परत आल्यावर मी स्वतःचा ट्रान्सीव्हर, सळई आणि अॅल्युमिनियमचं फावडं घेतलं. सगळं मिळून चाळीसेक हजार गेले. पण सामान विकत घेऊन काही होत नाही, हे धंद्यात शिकलोय. नवा पोरगा महागडं ग्राइंडर घेऊन येतो आणि पहिल्याच दिवशी बोट कापून घेतो. मुंबईत बर्फ कुठला? म्हणून आम्ही चौघं गेल्या काही वर्षांपासून डिसेंबरात रविवारी पहाटे गिरगाव चौपाटीवर जातो. जुन्या सॅकमध्ये चिंध्या आणि चालू ट्रान्सीव्हर भरून एकजण ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत पुरतो, वरून पाय फिरवून खुणा मोडतो, बाकीच्यांनी शोधायचं. पहिल्या दिवशी तेवीस मिनिटं लागली. यंत्रावरचा दिशा दाखवणारा बाण सारखा भरकटत होता. माझा मोबाइल छातीच्या खिशात, यंत्राला खेटून होता. शोधताना मोबाइल निदान हातभर लांब, खरं तर बंद, हे तिथे वाळूत कळलं.

एकदा हवालदार आले. ‘‘काय शोधताय?’’ आमच्यातला एक, जो एरवी बँकेत कामाला आहे आणि कधी विनोद करत नाही, म्हणाला, ‘‘माणूस.’’ पुढचा अर्धा तास त्यांना समजावण्यात गेला. पण सगळं ऐकल्यावर ते थांबले आणि दोन वेळा स्वतः शोधून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी सॅक माझ्याआधी काढली. कारण ते पळाले नाहीत. यंत्रावरचा अंतराचा आकडा लहान होत गेला की वेग कमी करायचा, यंत्र वाळूच्या अगदी जवळ धरायचं, सर्वांत लहान आकड्यापासून सळई गोल-गोल फिरत वीतभर अंतराने खुपसत जायचं. लागली की सळई तिथेच ठेवायची, उपटायची नाही. मग डोक्यावरून खणत बसायचं नाही. उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं, म्हणजे उकरलेला माल आपोआप खाली जातो. विहीर खणणं आणि बोगदा खणणं यातला फरक. गेल्या डिसेंबरात आमचा वेळ सहा मिनिटांच्या आत आला. त्यात खणणं धरलं आहे, पण वाळूत. बर्फात जास्त लागेल.

मिनिटांचं एवढं कौतुक का, ते सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून हिशेब मांडलेला आहे: पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाने दहातले तीनच. बहुतेक जण थंडीने मरत नाहीत, गुदमरून मरतात. अर्ध्या तासात गुलमर्ग गावातून मदत वर येणं कठीण. लष्कर, पोलीस, हेलिकॉप्टर सगळे जीव तोडून येतात, पण ते येतात तेव्हा घड्याळ पुढे गेलेलं असतं. वाचवणारा जो कोणी असेल तो त्या क्षणी तुमच्या शेजारी उभा असतो. त्याच्याकडे फावडं आहे का आणि त्याला यंत्र फिरवता येतं का, एवढाच प्रश्न उरतो.

हे मूठभर शौकिनांचं दुखणं आहे, असं कुणी म्हणेल. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ, हिमस्खलनात सात जण गेले. ते साधे पर्यटक होते, स्कीवाले नव्हते. आणि जाणकारांनाही बर्फ ओळखत नाही. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले किमान २७ जण गेले. त्या शिक्षकांपुढे आमचे नऊ हिवाळे म्हणजे काहीच नाहीत.

आपल्याकडे अंदाज सांगणारं कुणी नाही अशातलाही भाग नाही. मनालीत १९६९ मध्ये संरक्षण खात्याची बर्फ-हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली, लोक तिला ‘सासे’ म्हणायचे. २०२० मध्ये ती चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्याच संशोधन संस्थेत विलीन झाली. जिल्हा आणि उंचीनुसार धोक्याचा इशारा निघतो, ‘बारामुल्ला, अमुक मीटरच्या वर’ असा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. चार-पाचला सगळेच घरात बसतात. युरोपचा अनुभव असा की स्की करणारे सर्वांत जास्त मरतात ते तीनच्या दिवशी, कारण पाचातला तीन म्हणजे आपल्याला शाळेतले साठ टक्के वाटतात, पास. अर्थात जिल्ह्याचा इशारा म्हणजे वेधशाळेने ‘मुंबईत मुसळधार’ म्हणावं तसं. हिंदमाताला पाणी तुंबलंय का ते तिथे जाऊनच बघावं लागतं. पायाखाली ‘धप्प’ होतंय का, स्कीच्या टोकापासून तडे पळताहेत का, शेजारच्या तशाच उतारावर ताजं काही सुटलंय का, दुपारी अचानक ऊन तापलंय का. यातलं एक जरी दिसलं तरी मी आता मागे फिरतो, आणि मागे फिरल्याबद्दल दोनदा तरुण मंडळींचे टोमणे खाल्ले आहेत.

आपल्याकडे मागणं दोन गोष्टींचं आहे. आखलेल्या उताराबाहेरच्या सहलींवर यापुढे लेख छापाल तेव्हा चौकटीत ट्रान्सीव्हर, सळई, फावडं हे तिन्ही शब्द छापा, माणशी एकेक, सातांत दोन असं नव्हे; आणि तिथे स्थानिक वाटाड्याने नको म्हटलं तर पैसे परत मिळतात का, हे आयोजकाला विचारा असंही छापा. हा प्रश्न मी गेल्या वर्षी तीन आयोजकांना फोनवर विचारला. एकाने लगेच ‘अर्धे परत’ सांगितलं, एकाने ‘असं कधी होत नाही’ सांगितलं, एकाने फोन ठेवला. मी पहिल्याबरोबर गेलो. त्याने पहिला अख्खा दिवस हॉटेलामागच्या मैदानात आमच्याकडून यंत्रं शोधून घेतली, आणि रोज सकाळी उभं करून प्रत्येकाची बीप तपासली. तीन दिवस वरच्या बाहेरच्या उताराकडे आम्ही फिरकलोही नाही. खाली देवदारांच्या रानात, पंचवीस अंश उताराच्या मऊ बर्फात, नातवंडांसारखे हुंदडलो.

आणि हो, लेख लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना या डिसेंबरात चौपाटीवर यायचं असेल तर पहाटे साडेपाचला, भेळेचे ठेले जिथे लागतात त्याच्या पुढे, आम्ही दिसू. फावडं आमच्याकडे जादा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
लालबाग, मुंबई

ता. क. : नाव कृपया छापू नये. ठाण्याच्या त्या पोराच्या आईला त्याचा गुलमर्गला पाय मुरगळला होता एवढंच माहीत आहे, आणि ती आपली रविवारची पुरवणी वाचते. त्याचं गावही मी बदलून लिहिलं आहे.